तीन घरांचा हिवाळा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे ती वांगी येतात. फिकट हिरवी, लांबोडकी, तुकतुकीत सालीची. पुण्यात ती सगळ्यांना ओळखीची नसतात. परवा माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "दुधी का हो हा?" भाजीवाला म्हणाला, "भरताची वांगी, ताई. जळगावची." मी दोन घेतली, घरी आणून ओट्यावर ठेवली आणि खिडकी उघडली. बाहेर थंडी पडायला लागली होती, पण नुसतीच. तिला कशाचा वास नव्हता. खानदेशातल्या थंडीला वास असतो. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटल्याचा, ओल्या केळीच्या सोपटाचा, सकाळी अंगणात तापवलेल्या पाण्याच्या बंबाचा. एका हिवाळ्यात मी आणि आई त्या वासात राहिलो. तीन वेगवेगळ्या घरांत, आणि त्यांतलं एकही आमचं नव्हतं.

त्या वर्षी आमची इमारत पाडायला घेतली होती. जुनी पाडून नवी, उंच बांधायची. सगळे शेजारी जवळपास भाड्याची घरं शोधत हिंडत होते. मी एकटी राहते. काम मुद्रितं तपासायचं, तेही घरून. लॅपटॉप आणि चष्मा बरोबर असला की मी कुठेही बसू शकते. अडचण एकच होती. बाबा गेल्यापासून आई अर्धं वर्ष दादाकडे ठाण्याला आणि अर्धं माझ्याकडे असायची. दिवाळीनंतर ती माझ्याकडे यायची, आणि त्या दिवाळीला माझ्याकडे घरच नव्हतं.

दादा म्हणाला, "यंदा राहू दे इथंच." पण त्याच्या मुलीचं बारावीचं वर्ष, घर लहान, आई हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. रात्री अभ्यासाला दिवा चालू राहायचा आणि आई डोळ्यांवर पदर घेऊन, झोप लागल्यासारखी पडून राहायची. मी आईला विचारलं. ती नेहमीचंच म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवा. मला काय, कुठंही."

"कुठंही नको म्हणूस," मी म्हटलं. "तुला कुठं जावंसं वाटतं, ते विचारतेय."

असं कोणी विचारलेलं तिला आठवत नसावं. ती बराच वेळ वाटीतले शेंगदाणे सोलत राहिली. मग म्हणाली, "थंडीत अमळनेरकडं बरं असतं."

आईचं माहेर अमळनेरपासून थोड्याच अंतरावर, बोरी नदीच्या काठी. पण तिथे आता कोणी नव्हतं. दोन्ही मामा जमीन विकून सुरतेला गेले, तिथेच संपले. लग्न होऊन आई साताऱ्याच्या घरात आली. बाबा पाटबंधारे खात्यात. धरण जिथे, तिथे बदली, आणि बदली जिथे, तिथे सरकारी क्वार्टर. भिंतीला खिळा ठोकायचा तरी बाबा म्हणायचे, "अगं, सोडून जाताना बुजवावा लागेल." निवृत्तीनंतर ते दोघं दादाकडे राहायला गेले. म्हणजे सगळं आयुष्य आई घरात राहिली, पण घर कधी खात्याचं होतं, कधी मुलाचं, कधी मुलीचं. हे मी तेव्हा काही असं जुळवून बघितलं नव्हतं. मला फक्त एवढंच सुचलं, की हल्ली लोक आपली घरं थोड्या दिवसांसाठी देतात. फोनवर बघायचं, ठरवायचं, चावी घ्यायची. हॉटेलात आईला करमणार नाही, पण घरात करमेल.

आम्ही दोघी फोनवर डोकं लावून घरांचे फोटो बघायला बसलो. आईला ही कल्पना काही केल्या पटेना. "पांघरुणं, भांडी, मिक्सर, सगळं आहे बघ," मी म्हणायचे. ती फोटो जवळ घेऊन विचारायची, "आपण राहायचं तिथं. आणि मग ते लोक कुठं जातात?"

पहिलं घर धुळ्याला मिळालं, पांझरा नदीच्या पलीकडे देवपुरात. निवृत्त शिक्षक जोडपं, सरदारसिंग सर आणि बाई, खाली राहायचं. वरचा मजला त्यांच्या मुलाने बांधला आणि तो परदेशी गेला. वर सगळं नवं होतं. पडदे, गादी, काचेचे पेले. आणि आई तिथे अशी राहायला लागली, की मला तिच्याकडे बघवेना. सकाळी उठून ती अंथरुणाची घडी घालून कोपऱ्यात, भिंतीशी ठेवायची. पलंगावर झोपून उठल्याची खूणसुद्धा राहू द्यायची नाही. साडी कपाटात ठेवायची नाही, पिशवीतच. पेला धुऊन, पुसून, जसा होता तसा, त्याच जागी उपडा. मी म्हणायचे, "आई, अगं महिनाभर आपलंच आहे हे." ती म्हणायची, "हो, पण त्यांचं आहे ना."

तिला मोकळं केलं ते घराने नाही, रस्त्याने. रोज सकाळी एक बाई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला यायची. तिची हाक वरपर्यंत ऐकू यायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई मला न सांगता जिना उतरून फाटकाशी गेली. मी गॅलरीतून बघत होते.

"मेथी ताजी शे, माय. घी ले," भाजीवाली जुडी पुढे करत म्हणाली.

"ताजी शे ते माले दिखस," आई म्हणाली. "कोन गावनी शे तू?"

मी गॅलरीचा कठडा धरून उभी राहिले. आईच्या तोंडून अहिराणी मी लहानपणी एखाद-दोनदा ऐकली असेल, मामा आले की. तेही स्वयंपाकघरात, हळू आवाजात. साताऱ्याच्या घरात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तिच्या "आहे"ऐवजी "शे" म्हणण्याला हसलं होतं आणि तिने ते शब्द उचलून कुठेतरी ठेवून दिले होते. आता फाटकाशी उभी राहून ती मोठ्याने, हात हलवत बोलत होती. भाजीवालीने पाटी खाली ठेवली. दोघी एका दगडावर टेकल्या. मेथी बाजूलाच राहिली. आई वर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, थंडीने असेल किंवा कशाने. "शिंदखेड्याकडची आहे ती," मला म्हणाली. "मी बोललेलं तिला सगळं समजलं."

त्यानंतर पांझरेच्या पुलावर संध्याकाळी फिरताना ती मला शब्द सांगायला लागली. आत्ता म्हणजे आते. सगळे म्हणजे बठ्ठा. तिथे म्हणजे तठे. मी चुकीचा उच्चार केला की हसायची. नदीत पाणी थोडंच होतं, पण त्यावर उन्हाची तिरीप पडायची. पलीकडच्या काठावर कॉलेजची पोरं घोळक्याने उभी असायची, आणि मला वाटायचं, मी सहलीला आईबरोबर आलेय की आईच्या वर्गात बसलेय.

महिना संपला तेव्हा सरांच्या बाई वर आल्या. घर बघून म्हणाल्या, "तुम्ही राहिलाच नाहीत असं वाटतंय." त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. मला ते ऐकून कसंतरीच झालं.

दुसरं घर तापीच्या पलीकडे, यावल भागातल्या केळीच्या गावात. गाडी पूल ओलांडून उत्तरेकडे वळली की हवाच बदलते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि त्यांच्या डोक्यावरून लांब निळी रेघ दिसते, ती सातपुड्याची. सुरेशभाऊ आणि त्यांच्या पत्नी कमलताई. त्यांनी शेतातल्या घराला दोन खोल्या जोडल्या होत्या, शहरातल्या लोकांसाठी. बाहेर ओटा, समोर विहीर, मागे बाग. रात्री पानं एकमेकांवर घासली की पाऊस आल्यासारखं वाटायचं आणि आई झोपेत म्हणायची, "कपडे आत घे गं."

इकडची बोली वेगळी. आईचं "शे" इथे चालत नव्हतं. कमलताईंना "माले, तुले" कळायचं, पण बाकीचं ऐकून त्या हसायच्या. "आमच्या इकडं असं नाही बोलत बई," त्या म्हणायच्या. आईही ऐकून घेणाऱ्यांतली राहिली नव्हती. "तुम्ही इकडचे बोलता ते तरी कुठं मराठी आहे," ती म्हणायची. मग दोघी एकेका वस्तूचं नाव घेऊन आपापला शब्द सांगायच्या, आणि मध्ये मी पुस्तकी मराठीतला तिसरा सांगितला की दोघी मिळून मला हसायच्या.

त्या मुक्कामातला भरताचा दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सुरेशभाऊंचे पाहुणे आले होते, शेतातच जेवण होतं. वांग्यांचा ढीग, कपाशीच्या काड्या रचून पेटवलेला जाळ, धूर सरळ वर जात होता, कारण वारा नव्हता. वांगी काळी होऊन फुटायला लागली, तशी बायका ती काढून पाण्याच्या हाताने सोलत होत्या. नंतर लाकडी बडगीत, म्हणजे खोलगट उखळीत, दांड्याने ठेचायचं. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल. आई पाहुण्यांसारखी खुर्चीवर बसली होती. बराच वेळ बघत राहिली आणि अचानक उठली. पदर खोचला. ठेचणाऱ्या मुलीच्या हातातून दांडा घेतला आणि म्हणाली, "असं नाही. आधी मिरची नि लसूण, मग वांगं. सगळं एकदम टाकलं तर लसूण कच्चा राहतो."

मला वाटलं, आता कमलताईंना राग येतो. त्या आईकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "करा मग तुम्हीच. आम्हीही खाऊन बघू." आईने केलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर सगळ्यांनी खाल्लं. चांगलं झालं, की कमलताईंच्या हातचं जास्त चांगलं असतं, यावर मला मत देता येणार नाही. पण त्या दिवसानंतर आईने साड्या पिशवीतून काढून दोरीवर टाकल्या. अंथरूण दिवसभर पलंगावर राहायला लागलं. दुपारी ती त्याच्यावर आडवी व्हायची आणि मी जेवायला हाक मारली की म्हणायची, "येते. थांब जरा."

घर बदललं की माणूस बदलतं असं लोक म्हणतात. मला तसं दिसलं नाही. आई बदलत नव्हती. ती परत येत होती, आणि तिचं येणं एकेक पाऊल अमळनेरच्या दिशेने होतं.

तिसरं घर अमळनेरला, स्टेशनपासून फार लांब नाही. बैठं घर. पुढे दोन खोल्या, मागे दोन, मध्ये छोटं चौकोनी अंगण आणि त्यात पेरूचं झाड. मालकांना सगळे नाना म्हणायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर ते पुढच्या गल्लीत मुलाकडे राहायला गेले होते. हे घर भाड्याने द्यायची कल्पना सुनेची, नीताची. नाना चावी द्यायला आले तेव्हा उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "अक्का, पाण्याचा नळ सकाळी येतो. गॅस मागच्या खोलीत आहे. काही लागलं तर आवाज द्या."

पहिल्याच सकाळी आईने पलंग खिडकीखालून हलवून दाराशी आणला. मी लॅपटॉप बंद करून मदतीला गेले. "रस्ता दिसला पाहिजे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कालनिर्णय लटकवायला तिने खिळा मागितला. नानांनी तो आणून दिला, हातोडीसकट.

एका दुपारी रिक्षा करून आम्ही तिच्या गावी गेलो. मी मनातून घाबरले होते. तिथे तिला काही सापडणार नाही, हे मला माहीत होतं. तसंच झालं. जिथे घर होतं तिथे सिमेंटची दुमजली इमारत होती, रंगवलेली, खाली कृषी सेवा केंद्र. आई समोर उभी राहिली. दुकानातल्या तरुणाने विचारलं, "काय पाहिजे, आजी?" आई म्हणाली, "काही नाही. रस्ता चुकलो." मग आम्ही नदीवर गेलो. तिने पाण्यात पाय घातले. मी वाट बघत होते, की ती रडेल. ती म्हणाली, "चल, घरी जाऊ. दूध तापवायचं राहिलंय." घरी म्हणजे अमळनेरला, नानांच्या घरी. तिच्या लक्षात आलं नसेल, पण मी रिक्षात सगळा वेळ तो शब्द मनात धरून बसले होते.

संक्रांत झाली आणि दादाचा फोन आला. तो आईला न्यायला येत होता. मुलीला परीक्षेपर्यंत अभ्यासासाठी हॉस्टेलवर ठेवलं होतं, आता जागा होती, मीही होळीनंतर पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणारच होते. सगळं रीतसर होतं. आईला सांगितलं तर ती "बरं" म्हणाली आणि बिबड्यांचं, ज्वारीच्या पापडांचं, पीठ भिजवायला गेली.

दादा येणार त्या दिवशी सकाळी दारात एक जीप थांबली. त्यातून सात-आठ माणसं उतरली. पांढऱ्या टोपीतले गृहस्थ, त्यांची बायको, दोन सुना, पोरं, बॅगा, एक हार्मोनियमसारखं काहीतरी. सुरतेहून लग्नाला आलेले. गृहस्थांनी फोन पुढे केला. त्यात आमच्याच घराचा फोटो होता आणि आजचीच तारीख. मी नीताला फोन लावला. ती शाळेत नोकरीवर होती, तिचा आवाज रडवेला झाला. आमचा मुक्काम वाढवला तेव्हा तारखा भरायच्या तिच्याकडून राहून गेल्या होत्या. लग्नाचे दिवस, गावात दुसरी खोली मिळणं कठीण.

मी दारातच उभी होते. गृहस्थ म्हणाले, "मंग आम्ही कठे जावं?" त्यांची बायको गुडघे धरून पायरीवर बसली होती.

तेवढ्यात आई आतून आली. पदराला हात पुसत. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "बाहेर कसाले उभा? आत या. बठा. घर तुम्हनंच शे."

ते अगदी खरं होतं. त्या दिवशी कागदोपत्री ते घर त्यांचंच होतं. पण आईने ते त्या अर्थाने म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही त्या अर्थाने घेतलं नाही. गृहस्थांनी चपला काढल्या. बायका आत आल्या, त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. सुरतेत राहून त्यांची अहिराणी गेली नव्हती. दहा मिनिटांत कोणाचं माहेर कुठलं, कोणाची मावशी कोणाला दिली, सुरू झालं. आईने पुढच्या दोन्ही खोल्या त्यांना दिल्या, आमचं सामान मागे टाकलं आणि मला म्हणाली, "कणीक मळ. वरण-बट्टी करू. लोक प्रवासातून आलेत."

आम्ही बट्ट्या वाफवल्या, कापल्या, तळल्या. दोन्ही सुना कांदा चिरायला बसल्या. पोरं पेरूच्या झाडावर. त्या गोंधळात दादा आला.

तो बॅग घेऊन दारात उभा. पलंगावर अनोळखी माणूस आडवा, ओट्यावर अनोळखी चपला. मला बघून हळूच म्हणाला, "कोण आहेत हे?"

"पाहुणे," मी म्हटलं.

"कोणाचे?"

"आईचे."

आई पोळपाट बाजूला ठेवून आली. तिने दादाच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "दमलास का? हात-पाय धू. आज मागे जमिनीवर झोपावं लागेल, पुढं जागा नाही. चार दिवस आलायस ना माझ्याकडं?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. "माझ्याकडं" हा शब्द त्यालाही लागला होता. आम्ही दोघं तो शब्द तिच्या बाबतीत नेहमी वापरत आलो. आई सध्या माझ्याकडे आहे. आई आता तुझ्याकडे येईल. तिने तो आमच्या बाबतीत वापरलेला आम्ही पहिल्यांदा ऐकला.

सुरतेचे लोक लग्न आटोपून गेले. जाताना त्या बाईंनी आईच्या ओटीत खण-नारळ घातला आणि सुरतेला यायचं वचन घेतलं. त्यांच्या लेखी मालकीण आईच होती, आणि कोणी त्यांना खरं सांगितलं नाही. नीता माफी मागायला आली तर आई तिला म्हणाली, "बरं झालं चुकलीस."

त्या संध्याकाळी नाना आले. आणि त्या दिवशी ते आत आले. पेरूच्या झाडाखाली खुर्ची घेऊन बसले, इकडेतिकडे बघितलं, पलंगाची बदललेली जागा बघितली. मग म्हणाले, "ही गेल्यापासून या घरात फोडणीचा वास नव्हता आला."

थोड्या वेळाने ते दादाला म्हणाले, "भाऊ, एक बोलू का? नीताला नोकरी सांभाळून हे पाहुण्यांचं झेपत नाही. मला रिकामं घर बघवत नाही. अक्कांनी मागच्या खोल्यांत राहावं. पुढं पाहुणे येतील, जातील. अक्कांनी फक्त बघावं."

दादा एकदम म्हणाला, "नाही, नाना. तसं नाही जमणार." मग तो आईकडे वळला. "आई, तुझं वय काय? इथं पडलीस-झडलीस तर? रात्री काही झालं तर? मला ठाण्याहून यायला किती वेळ लागेल?"

तो रागावला नव्हता. तो घाबरला होता. बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा तोच शेजारच्या खोलीत होता, म्हणून दवाखान्यात नेता आलं, आणि तरी बाबा राहिले नाहीत. ते त्याच्या मनातून गेलेलं नाही.

आईने त्याचं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मोहन, तुझ्याकडं मला काही कमी नाही. सूनबाई चांगली आहे. पण तिथं मी सकाळी उठते आणि कोणाच्या मध्ये येणार नाही अशी जागा शोधते. इथं मी उठते आणि दार उघडते. काही व्हायचं असेल ते तिथंही होईल. मला इथं राहू दे."

तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं, आणि तेही आमच्याकडे मागावं लागत होतं. मी दादाकडे बघितलं नाही. अंगणात पोरांनी अर्धे खाऊन टाकलेले पेरू पडले होते, ते गोळा करत बसले.

दादाने हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नानांना घेऊन बाहेर पडला. परत आला तेव्हा त्याच्या हातात स्टीलची दांडी आणि ड्रिल मशीन होतं. दिवसभर खपून त्याने न्हाणीघरात दांडी बसवली, आईला धरायला. पायरीला खरखरीत पट्टी लावली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना भेटून आला. पलंगाजवळ घंटा लावली, जिची तार नानांच्या मुलाच्या घरापर्यंत नेता येईल का, याची चौकशी केली. ती नेता आली नाही, तर फोनच्या पहिल्या बटणावर नानांचा नंबर आणि दुसऱ्यावर नीताचा घालून दिला. आई मागे उभी राहून सांगत होती, "जरा खाली लाव. माझा हात तिथवर पोचत नाही."

दादा गेला. मीही होळीपर्यंत राहिले आणि निघाले. स्टेशनवर यायला आईला मी नको म्हटलं. आजवर आमच्या घरातून निघताना आई रिक्षात असायची, मांडीवर पिशवी, आणि दारात आम्ही. त्या दिवशी रिक्षात मी होते. आई उंबऱ्यावर उभी होती, एक हात चौकटीला. तिने हात हलवला, आणि रिक्षा वळायच्या आधीच आत गेली. कोणीतरी पाहुणे आले होते, त्यांना चहा हवा होता.

त्याला आता काही वर्षं झाली. माझी नवी इमारत उभी राहिली. वास्तुशांतीला आई आली, चार दिवस राहिली. गॅलरीतून खाली बघून म्हणाली, "एवढ्या वर कोणी हाक मारली तर कसं कळायचं?" आणि गेली. ती बरी आहे. गुडघे दुखतात. मागच्या पावसाळ्यात एकदा घसरली, दांडी धरली म्हणून सावरली. हे तिने दादाला सांगितलं नाही, मला सांगितलं, आणि मी दादाला सांगितलं. तो फोनवर म्हणाला, "बरोबर उंचीवर बसली होती ना?"

वांगी आणली त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते, चांगली पंधरा दिवस राहीन. मागून भांड्यांचा, कोणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता.

"पुढच्या आठवड्यात नको," ती म्हणाली. "नागपूरचं जोडपं आहे, नवीन लग्न झालेलं. त्यांच्यामागं बडोद्याचे येतायत. तू त्यानंतर ये."

"अगं, मी काय पाहुणी आहे? मागे झोपेन तुझ्याजवळ."

"झोप की. पण तुझं ते रात्री लॅपटॉप लावून बसणं, मला उजेडात झोप येत नाही," आई म्हणाली. "पुढची खोली मोकळी झाली की कळवते. तेव्हा ये. ऊन असतं तिथं सकाळचं."

मी बरं म्हटलं. आता तिच्या फोनची वाट बघतेय.